नोंदवहीत नसलेली लग्नं

१८९६ सालच्या ३० डिसेंबरला, मनिलाच्या सांतियागो किल्ल्यात, स्पॅनिश सत्तेवर आणि चर्चवर टीका करणारा फिलिपिनो कादंबरीकार होसे रिसाल याने एक लहानसं भक्तिपर पुस्तक उघडलं आणि आतल्या पानावर लिहिलं, ‘माझ्या प्रिय आणि दुर्दैवी पत्नीस, जोसेफीनला.’ खाली तारीख घातली, सही केली. सकाळी सात वाजून गेल्यावर बागुंबायानच्या मैदानावर त्याला पाठीत गोळ्या घातल्या. तो ३५ वर्षांचा होता, जोसेफीन ब्रॅकन २० वर्षांची. त्या पहाटे किल्ल्यातच आपण दोघांचं लग्न लावून दिलं, असं विसेंते बालागेर या जेझुइट पाद्र्याने नंतर शपथेवर सांगितलं. पण त्या लग्नाचा दाखला आजवर कुणी पुढे आणलेला नाही. रिसालने मरण्यापूर्वी आपली मतं मागे घेतली असं सांगणारा कागद १९३५ साली आर्चबिशपच्या दप्तरातून बाहेर आला. तो खरा की बनावट, यावर फिलिपिन्समध्ये अजून भांडणं होतात. मला त्या वादापेक्षा दुसरीच गोष्ट खुपते. ज्या माणसाची पत्रं, रोजनिशा, चित्रं, रोग्यांच्या नोंदी, लॉटरीच्या तिकिटाचा नंबरसुद्धा जपला गेला, त्याच्या लग्नाचा तेवढा कागद नाही. आणि हे एकट्या रिसालचं दुर्दैव नव्हे. त्या पिढीतल्या एकेका देशभक्ताचा संसार पाहत गेलं की प्रत्येक वेळी आपण चर्चच्या दाराशी येऊन थांबतो.

स्पॅनिश फिलिपिन्समध्ये लग्न म्हणजे चर्चचं लग्न, दुसरी वाटच नव्हती. दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले आणायचे. पाद्र्यापुढे बसून धर्मशिक्षणाची परीक्षा द्यायची. ओळीने तीन रविवारी किंवा सणाच्या दिवशी वेदीवरून नावं पुकारली जायची, म्हणजे कुणाची हरकत असेल तर त्याने उठून सांगावं. नातं जवळचं असेल तर वरून सवलत मागायची, परदेशी माणूस असेल तर तो अविवाहित असल्याचा पुरावा आणायचा. मग पापनिवेदन, मग ठरलेली दक्षिणा, आणि शेवटी पाद्र्याच्या हातची नोंद. यातली एक जरी पायरी अडली तरी लग्न अडलं. आणि अडवणारा माणूस एकच. तोच गावच्या शाळेवर देखरेख करायचा, तोच कोण निष्ठावान आणि कोण संशयित हे वर कळवायचा, आणि पुष्कळ गावांत त्याच्याच संघाच्या मालकीच्या जमिनी लोक खंडाने कसत असायचे. ८ डिसेंबर १८८९ रोजी स्पेनचा नवा दिवाणी कायदा या बेटांवर लागू झाला. त्यात सरकारी विवाह होता, सरकारी नोंदवहीही होती. तीन आठवडे जातात न जातात तोच, २९ डिसेंबरला, गव्हर्नर जनरल वेलरने नेमकी तीच दोन प्रकरणं स्थगित केली. बाकीचा कायदा राहिला. कर्ज, गहाण, वारसा यांसाठी नवा कायदा चालेल, पण माणूस कुणाचा नवरा आणि कुणाची बायको हे ठरवायची दौत-लेखणी पाद्र्याच्या टेबलावरून हलता कामा नये, असा त्याचा सरळ अर्थ.

याच वेलरने पुढच्या वर्षी कलांबा गावात डोमिनिकन संघाच्या कुळांना घराबाहेर काढायला सैन्य पाठवलं. रिसालचं कुटुंब त्याच कुळांपैकी.

लिओनोर रिवेराची गोष्ट फिलिपिन्समध्ये शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. रिसालच्या कादंबरीतली मारिया क्लारा ती हीच, असं सगळे मानतात. तिचे वडील आंतोनिओ रिवेरा रिसालचे नात्याने काका, मनिलाच्या तटबंदीच्या आत विद्यार्थ्यांसाठी खानावळवजा वसतिगृह चालवायचे. तिथे हे दोघे भेटले. ती तेव्हा जेमतेम तेरा-चौदा वर्षांची. रिसालने तिचं रेखाटलेलं चित्र उपलब्ध आहे: मोठे डोळे, कपाळावर कुरळे केस. १८८२ च्या मे महिन्यात तो तिचा निरोपही न घेता गुपचूप बोटीत बसला. ३ मे रोजी मनिला सोडलं, सिंगापूरला बोट बदलली, सुएझमार्गे मार्से, तिथून आगगाडीने १६ जूनला बार्सिलोना. म्हणजे सहा आठवडे. टपालही साधारण याच वाटेने जायचं, तेव्हा एका पत्राचं उत्तर हातात पडायला तीन महिने धरायचे. पत्रात खरी नावं घालायची नाहीत असं ठरलेलं, ती ‘तायमिस’ अशी सही करायची. पुढे रिवेरा कुटुंब दागुपानला राहायला गेलं आणि पत्रं थांबली. थांबली म्हणजे कुणी लिहायचं थांबवलं नव्हतं. लिओनोरच्या आईने टपालातले कारकून हाताशी धरले होते, दोन्हीकडची पत्रं तिच्याच हाती पडत होती. तीन महिन्यांची दिरंगाई ज्या टपालात नेहमीचीच, तिथे न आलेल्या पत्राचा संशय यायलाही वर्ष लागतं. ही युक्ती इतकी बिनबोभाट चालली ती त्यामुळेच.

१८८७ च्या ऑगस्टमध्ये रिसाल मायदेशी आला, सहा महिने राहिला. दागुपान काही चंद्रावर नव्हतं. पण त्याच्या वडिलांनीच त्याला तिकडे जायला मनाई केली, आणि त्याने ती पाळली. १८९० च्या अखेरीस माद्रिदमध्ये त्याला लिओनोरचं पत्र मिळालं: आईच्या इच्छेप्रमाणे आपण एका इंग्रजाशी लग्न करत आहोत. हेन्री किपिंग हा मनिला–दागुपान रेल्वेवरचा इंजिनिअर. १९५ किलोमीटरची ती लाईन बेटांवरची पहिली आगगाडी, तिच्याचमुळे तो त्या गावात आलेला. तिने यापुढे पियानो वाजवणार नाही अशी अट घातली म्हणतात, जुन्या पत्रांची राख लग्नाच्या झग्याच्या काठात शिवली म्हणतात. राखेचं खरं-खोटं कोण करणार! १८९३ च्या ऑगस्टमध्ये ती बाळंतपणात गेली एवढं मात्र नक्की. तेव्हा रिसाल मिंदानाओ बेटावर दापितानला हद्दपारीत होता.

या गोष्टीत आई नेहमी दुष्ट ठरते. मला ते पटत नाही. रिसालशी सोयरीक म्हणजे काय, हे तिला कलांबाकडे पाहून कळत होतं. त्याची आई तेओदोरा आलोन्सो हिला १८७१ साली एका खोट्या आरोपावरून कलांबाहून सांताक्रूसपर्यंत पायी चालवत नेलं होतं, सुमारे ५० किलोमीटर, आणि अडीच वर्षं कोठडीत ठेवलं. हे रिसालने एक ओळ छापण्याच्या कितीतरी आधीचं. कादंबरी छापून आल्यावर जावयांवर पाळी आली. एकाला बोहोल बेटावर धाडलं. दुसरा, लुसियाचा नवरा मारियानो एर्बोसा, १८८९ च्या मे महिन्यात पटकीने गेला, तर त्याला ख्रिस्ती दफनभूमीत जागा नाकारली. कारण काय, तर त्याने पापनिवेदन केलं नव्हतं. गावात इतर कितीतरी माणसं तशीच गेली होती, त्यांच्या प्रेतांना कुणी अडवलं नाही. एर्बोसाचा गुन्हा एवढाच की तो रिसालच्या बहिणीचा नवरा होता. मुलीचं प्रेत उद्या डोंगरावर पुरावं लागेल, नातवंडांची नावं बाप्तिस्म्याच्या वहीत चढणार नाहीत, ही भीती घेऊन पत्रं दडपणाऱ्या बाईला मी खलनायिका म्हणू शकत नाही. पत्रं तिने दडपली, पण तो धाक तिने निर्माण केला नव्हता.

रिसालच्या बाकीच्या प्रेमांच्या याद्या मोठ्या हौसेने केल्या जातात. माद्रिदची कोन्सुएलो, तिच्यासाठी त्याने कविता लिहिली आणि मग मित्राचं तिच्यावर मन आहे म्हणून मागे सरला. १८८८ च्या वसंतात टोकियोतली ओसेई-सान, लंडनमधल्या घरमालकाची मुलगी गर्ट्रूड बेकेट, बियारित्सची नेली बूस्टेड. या यादीचं कौतुक करणं मला कधी जमलं नाही. प्रत्येक शहरात एक मुलगी मागे राहिली आणि हा बोटीत चढला, असं ते चित्र आहे. त्यातली नेलीची हकिगत तेवढी वेगळी. तिच्यावरून चित्रकार हुआन लुनाचा भाऊ आंतोनिओ याने दारूच्या भरात काहीबाही बोलून द्वंद्वयुद्धापर्यंत मजल नेली, मग शुद्धीवर येऊन माफी मागितली. रिसालने १८९१ साली तिला मागणी घातली, तेव्हा तिची अट होती की त्याने प्रोटेस्टंट व्हावं. तो तयार झाला नाही. ज्या चर्चवर त्याने आयुष्यभर टीका केली ते सोडून दुसऱ्या चर्चच्या वहीत नाव घालायलाही त्याचं मन घेईना, आणि ते मला त्याच्या स्वभावाला धरूनच वाटतं.

स्पेनकडे सुधारणा मागणाऱ्या फिलिपिनो चळवळीतलं सगळ्यात साधं प्रेम मिळालं ते मार्सेलो देल पिलारला, आणि त्याने ते सगळ्यात वाईट रीतीने गमावलं. बायको मार्सियाना, घरची त्सानाय, नात्यातलीच. १८७८ साली लग्न झालं, सात मुलं झाली, त्यांतल्या दोन मुली जगल्या, सोफिया आणि अनिता. १८८८ च्या ऑक्टोबरमध्ये अटक टाळायला तो स्पेनला निघून गेला आणि पुढच्या वर्षाअखेरीस ‘ला सोलिदारिदाद’ या चळवळीच्या पाक्षिकाचा संपादक झाला. अंकाचा खर्च मनिलातल्या वर्गणीवर चालायचा. वर्गणी गुपचूप गोळा करायची, गुपचूप पाठवायची, तेव्हा ती कधी अर्धी यायची, कधी उशिरा, कधी येतच नसे. छापखान्याचं बिल मात्र दर पंधरवड्याला. मधला फरक देल पिलारने पोटाला चिमटा काढून भरला. रस्त्यावर पडलेली सिगारेटची थोटकं वेचून ओढायची, म्हणजे भूक आणि थंडी दोन्ही जरा दबतात. घरी तो तागालोगमधून लिहायचा, त्सानायला वेगळं, मुलींना वेगळं. यंदा नक्की येतो, हे त्या पत्रांत पुन्हा पुन्हा येतं. १५ नोव्हेंबर १८९५ ला पाक्षिक बंद पडलं, ४ जुलै १८९६ ला तो बार्सिलोनात क्षयाने गेला. पुढच्याच महिन्यात मनिलात क्रांतीला तोंड फुटलं. हाडं मायदेशी आली ती १९२० साली.

आणि हुआन लुना. याला टाळून ‘देशभक्तांची प्रेमं’ असं काही लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. १८८४ साली माद्रिदमध्ये भल्यामोठ्या चित्राला सुवर्णपदक मिळवणारा हा चित्रकार, फिलिपिनोंच्या अभिमानाचा विषय. मनिलाच्या श्रीमंत, शिकलेल्या घराण्यातली पास पार्दो दे तावेरा त्याची बायको. तिचा भाऊ त्रिनिदाद आणि रिसाल या दोघांना समोर उभं करून लुनाने रक्ताच्या शपथेचं प्रसिद्ध चित्र काढलेलं. १८९२ च्या सप्टेंबरमध्ये पॅरिसच्या घरात संशयाने पेटून त्याने पासला आणि तिच्या आईला गोळ्या घालून मारलं, दुसऱ्या भावाला, फेलिक्सला, जखमी केलं. त्याआधी त्यांची लहानगी मुलगी दगावली होती. पुढच्या फेब्रुवारीत फ्रेंच न्यायालयाने भावनेच्या भरातला गुन्हा म्हणून त्याला सोडून दिलं. त्याची चित्रं आजही मनिलात भिंतीभर टांगलेली आहेत, ती पाहायला हवीतच. पण पास पार्दो दे तावेरा हे नाव त्या चित्रांच्या गोष्टीत एका वाक्यात उरकलं जातं, आणि त्या वाक्यात बहुधा तिच्यावरचा संशय आधी येतो, तिचा खून नंतर. हा क्रम बदलायला हवा.

आता दापितान. १७ जुलै १८९२ ते ३१ जुलै १८९६, रिसालची हद्दपारी. आल्याबरोबर जेझुइटांनी त्याला आपल्याकडे राहायचं आमंत्रण दिलं, तीन अटींवर: मतं जाहीरपणे मागे घे, चर्चचे विधी पाळ, स्पेनशी एकनिष्ठ राहा. त्याने नकार दिला आणि ठाणेदाराच्या घरी बिऱ्हाड केलं. थोड्याच दिवसांत मनिला लॉटरीच्या ९७३६ नंबरच्या तिकिटाला वीस हजार पेसोंचं बक्षीस लागलं. तिकीट तिघांत मिळून घेतलेलं, याच्या वाट्याला ६,२०० आले. वडिलांना दोन हजार पाठवले, उरलेल्यातून तालिसायला समुद्राकाठी जमीन घेतली. बांबू, लाकूड आणि निपाच्या झावळ्यांची तीन घरं बांधली. चौकोनीत आई, बहीण, भाचा आणि तो, अष्टकोनीत शिकायला ठेवलेली मुलं, षटकोनीत कोंबड्या. हे त्याने आपल्या ऑस्ट्रियातल्या मित्राला मोठ्या खुशीत लिहून कळवलंय. शाळा चालवली, गावाला पाण्याची सोय करून दिली, आणि डोळ्यांचे रोगी तपासले. पॅरिसला लुई द वेकर आणि हायडेलबर्गला ऑटो बेकर यांच्या हाताखाली शिकलेला नेत्रवैद्य होता तो.

त्या काळी मोतीबिंदू काढणं म्हणजे डोळ्यात कोकेनचे थेंब टाकून बधिर करायचं, अरुंद पात्याच्या सुरीने बुबुळाच्या कडेला वरच्या अंगाने अर्धवर्तुळ छेद घ्यायचा, गढुळलेलं भिंग हलक्या दाबाने बाहेर काढायचं. टाके घालायची पद्धत नव्हती. म्हणून खरी परीक्षा नंतरची: पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत उताणं पडून राहायचं, खोकायचंही जपून. जखम आपोआप जुळेपर्यंत पट्टीला हात लावायचा नाही. तेओदोराबाईंना हे सोसलं नाही. मुलाने केलेली शस्त्रक्रिया उत्तम झाली, पण त्यांनी सांगितलेलं न ऐकता पट्टी काढली आणि डोळ्यात पू झाला. आईच्या बाबतीत डॉक्टरचं चालत नाही, हे सगळीकडे सारखंच. तर या डॉक्टरचं नाव ऐकून १८९५ च्या फेब्रुवारीत हाँगकाँगहून जॉर्ज टाउफर नावाचा, दृष्टी गेलेला म्हातारा आला. त्याच्या डोळ्यांवर इलाज उरला नव्हता. त्याचा हात धरून आलेली मानसकन्या म्हणजे जोसेफीन, आयरिश शिपायाची मुलगी, हाँगकाँगच्या बराकीत जन्मलेली, आईला जन्मतःच मुकलेली.

महिन्याभरात दोघांनी लग्नाचं ठरवलं आणि पाद्री ओबाककडे गेले. पाद्री म्हणाला, सेबूच्या बिशपची परवानगी हवी. परवानगीमागे खरी अट काय हे रिसालला ठाऊक होतं: दापितानच्या पहिल्या दिवशी ज्याला नकार दिला तोच कागद, आता बायकोच्या बदल्यात मागितलेला. त्याने तो दिला नाही. टाउफर बिथरला, म्हणून जोसेफीन त्याच्याबरोबर मनिलापर्यंत गेली, त्याला बोटीत बसवून दिलं आणि एकटी परत आली. मग दोघं तसेच राहिले. देवाला साक्षी ठेवून हातात हात घेतले, असं सांगतात. गावाने नावं ठेवली. बहिणींना तर ती मठवाल्यांनी पेरलेली हेर वाटायची. त्यांची समजूत घालायला रिसालने बहीण त्रिनिदादला लिहिलेल्या पत्रातला एक तपशील माझ्या फार आवडीचा आहे. पान्सितसाठी लागणाऱ्या मिकी नूडल्स इथे मिळत नाहीत, तर हिने मैदा आणि अंडी घालून लांब लांब शेवया स्वतः केल्या आणि काम भागलं. थोडं आंगकाक पाठव, ही बागोओंग घालते आहे. आंगकाक म्हणजे किण्वन करून लाल केलेला तांदूळ, तो खारवलेल्या मासळीच्या बागोओंगला रंग देतो. आयरिश रक्ताची अठरा वर्षांची पोर मिंदानाओच्या किनाऱ्यावर खारी मासळी मुरवत बसली आहे, आणि युरोपातल्या पंडितांशी पत्रव्यवहार करणारा माणूस बहिणीला त्याचा मसाला मागतो आहे. दाखल्याची मागणी करणाऱ्यांनी हे पत्र दाखला म्हणून धरायला हरकत नव्हती. त्यांना मूल झालं ते अपुऱ्या दिवसांचं, काही तासच जगलं. बापाने त्याला आपल्या वडिलांचं नाव दिलं, फ्रान्सिस्को.

रिसालच्या शेवटच्या कवितेच्या शेवटच्या कडव्यात, आईबाप-भावंडांचा निरोप घेऊन झाल्यावर, त्याने त्या परदेशी मुलीला आपली मैत्रीण, आपला आनंद म्हटलं आहे. कविता स्पिरिटच्या लहान दिव्यात लपवून बहिणीच्या हाती दिली होती.

चर्चचं लग्न चर्चमध्ये आणि आपलं लग्न आपल्या माणसांत, असा तोडगा काढला तो बोनिफासिओ आणि ग्रेगोरियाने. आंद्रेस बोनिफासिओ मनिलाच्या तोंदो वस्तीतला, आईबाप लवकर गेलेला, गोदामात नोकरी करून भावंडांना वाढवणारा विधुर. ग्रेगोरिया दे हेसूस, घरची ओर्यांग, कालोओकानच्या सुतारकाम करणाऱ्या घरची सतरा वर्षांची मुलगी. तिच्या वडिलांचा विरोध, कारण हा फ्रीमेसन, आणि फ्रीमेसन म्हणजे सैतानाचे चेले असं प्रवचनातून कानीकपाळी ओरडून सांगितलेलं. अखेर १८९३ च्या मार्चमध्ये बिनोंदोच्या चर्चमध्ये लग्न लागलं. ते आईबापांसाठी. त्यानंतर लगेचच सांताक्रूस भागात ओरोकिएता रस्त्यावर, साक्षीदार रेस्तितुतो हाविएरच्या घरी, बोनिफासिओच्या कातिपुनान या गुप्त क्रांतिकारी संघटनेच्या सभासदांसमोर दुसरं लग्न लागलं. त्यासाठी नावं पुकारायची नव्हती, पापनिवेदन नव्हतं. त्याच रात्री ती संघटनेत दाखल झाली, ‘लाकांबिनी’ हे गुप्त नाव घेऊन.

कातिपुनानमध्ये बायकांची शाखा निघण्यामागे ध्येयवादाइतकीच एक साधी अडचण होती. नवरे रात्री गायब व्हायचे, घरात कमी पैसे द्यायचे, कुठे होता विचारलं की गप्प. बायकांना वेगळाच संशय यायचा. गुपित टिकवायचं तर त्यांना आत घेणं भाग होतं. पण आत घेतल्यावर कळलं की बैठकीचं संरक्षण त्यांच्याइतकं कुणालाच जमत नाही. आतल्या खोलीत शपथा चालायच्या, डाव्या हाताला छेद देऊन रक्ताने सह्या व्हायच्या, आणि बाहेरच्या खोलीत या मोठमोठ्याने गायच्या, नाचायच्या, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं घरात समारंभ आहे. कागद, शिक्का आणि काही हत्यारं ग्रेगोरियाच्या ताब्यात. झडतीची कुणकुण लागली की ती सगळं गोळा करायची, किलेस नावाची घोडागाडी बोलवायची आणि रात्रीचं जेवण तसंच टाकून बाहेर पडायची. मग तोंदोच्या समुद्रकाठाने, बिनोंदोच्या गल्ल्यांतून मध्यरात्रीपर्यंत नुसती फिरत राहायची. शिपाई घर उलथंपालथं करत असताना संपूर्ण संघटना तिच्या मांडीवर, घोड्याच्या चालीने शहरात हिंडत असायची. धोका टळला की घरी. हे तिनेच पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. याच वर्षांत त्यांचं घर आगीत गेलं आणि तान्हा मुलगा देवीच्या साथीत गेला.

गुपित फुटलं ते मात्र एका भावाच्या बहिणीवरच्या मायेने. ‘दिआरिओ दे मनिला’च्या छापखान्यातला तेओदोरो पातिन्यो, पगारावरून सहकाऱ्याशी बिनसलेला. त्याने अनाथाश्रमात राहणाऱ्या बहिणीला कातिपुनानबद्दल सांगितलं. ती रडू लागली, मठातल्या सिस्टरने कारण विचारलं, आणि गोष्ट तोंदोच्या पाद्री मारियानो हीलपर्यंत गेली. १९ ऑगस्ट १८९६ ला त्याने छापखान्यात घुसून कातिपुनानच्या पावत्या छापायचा शिळामुद्रणाचा दगड शोधून काढला. चार दिवसांनी मनिलाबाहेर कातिपुनानच्या माणसांनी आपल्या सेदुला, म्हणजे कराचे दाखले, फाडून टाकले.

ग्रेगोरिया घोड्यावर बसायला शिकली, बंदूक चालवायला शिकली, चिखलातलं पाणी प्यायली. पण तिच्या नवऱ्याला मारलं ते स्पॅनिशांनी नव्हे. काविते प्रांतात तेहेरोस इथे भरलेल्या क्रांतिकारकांच्या सभेत सत्ता एमिलिओ आगिनाल्दो या दुसऱ्या नेत्याच्या गटाकडे गेली, बोनिफासिओने ती सभा मानली नाही, आणि १८९७ च्या एप्रिलअखेर लिंबोन इथे त्याच्या तळावर आपल्याच लोकांनी हल्ला केला. एक भाऊ जागीच ठार, तो स्वतः दंडात गोळी आणि मानेत वार घेऊन पकडला गेला. एका कर्नलने आपल्याला बळजबरीने रिकाम्या घरात न्यायचा प्रयत्न केला, असं ग्रेगोरियाने खटल्यातल्या जबानीत सांगितलं. १० मे रोजी मारागोंदोनच्या डोंगरात बोनिफासिओला आणि दुसऱ्या भावाला, प्रोकोपिओला, मारून टाकलं. आदल्याच दिवशी तिला २२ वर्षं पूर्ण झाली होती. तिला कुणी खरं सांगितलं नाही. आठवडेच्या आठवडे ती त्या डोंगरांत नवऱ्याला शोधत हिंडली, अंगावरच्या एका कपड्यानिशी.

त्याच कावितेत त्याच महिन्यांत जोसेफीनही होती. रिसालच्या मृत्यूनंतर ती क्रांतिकारकांना जाऊन मिळाली, जखमींची सुश्रूषा केली, इमुसच्या शस्त्रशाळेत रिकाम्या काडतुसांत पुन्हा दारू भरली. १८९७ मध्येच ती हाँगकाँगला गेली. तिथे रिसालची पुस्तकं एका स्नेह्याकडे ठेवलेली होती, त्यांवर तिने पत्नी म्हणून हक्क सांगितला. विवाहाचा कायदेशीर पुरावा नाही या मुद्द्यावर तो टिकला नाही. पाद्री ओबाकने अडवलेली नोंद अशी दोन वर्षांनी, समुद्रापलीकडे, तिला पुन्हा आडवी आली, आणि या वेळी पुढे सासरचीच माणसं होती. रिसालच्या घरच्यांबद्दल मला आदर आहे, त्यांनी सोसलेलं वर लिहिलंच आहे. पण इथे ते चुकले असं मला वाटतं. तिने नंतर विसेंते आबाद नावाच्या फिलिपिनोशी लग्न केलं, दोलोरेस ही मुलगी झाली. १९०२ च्या मार्चमध्ये क्षयाने ती हाँगकाँगलाच गेली. वय २५.

ग्रेगोरियाचं दुसरं लग्न १० डिसेंबर १८९८ रोजी मनिलात झालं. हुलिओ नाक्पिल हा संगीतकार, बोनिफासिओचाच साथीदार. त्याच्याच सांगण्यावरून यानेच क्रांतीचं गीत स्वरबद्ध केलं होतं. त्याच दिवशी पॅरिसमध्ये तह झाला आणि स्पेनने ही सगळी बेटं दोन कोटी डॉलरला अमेरिकेच्या हवाली केली. दोघं कियापोत एका नातेवाइकाच्या मोठ्या घरात राहिली. आठ मुलं झाली, त्यांतली सहा जगली. ग्रेगोरिया १९४३ पर्यंत होती, हुलिओ १९६० पर्यंत. आगिनाल्दोचा शब्द फिलिपिन्समध्ये चालत होता, बोनिफासिओला देशद्रोही ठरवणारी कागदपत्रं जपली जात होती, त्या काळात बोनिफासिओवर झालेल्या अन्यायाची हकिगत नावानिशी, आरोपांनिशी लिहून ठेवली ती हुलिओ नाक्पिलने. आपल्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याची बाजू मांडण्यात त्याला काही कमीपणा वाटला नाही, आणि ओर्यांगनेही आपल्या आठवणी लिहिताना दोन्ही नवऱ्यांबद्दल सारख्याच मोकळेपणाने लिहिलं.